आडनावाची रिकामी जागा

“दोन्ही सारखंच आहे, त्यात काय फरक पडतो?” असं कोणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या साहेबांनी हे वाक्य मला चार दिवसांत निदान तीस वेळा ऐकवलं. मी मोजत नव्हतो, पण हिरा मोजत होती आणि तिचा आकडा सहसा चुकत नसे.

तेव्हा मी खंडाळ्याला नोकरीला होतो. घाटाच्या कडेचा एक जुना बंगला भाड्याने घेऊन तिथे सरकारी कामांच्या याद्या आणि आकडेमोड करणारं एक केंद्र काढलं होतं. दिवाणखान्यात नवा कोरा संगणक. त्याला गारवा लागायचा, म्हणून आम्ही ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो आणि खिडकीबाहेरून जाणारे हवापालटवाले आमच्याकडे बघून हसायचे. जुना संगणक पुण्याच्या कचेरीत होता. तो महिनाअखेर बंद व्हायचा होता. माझं काम असं, की जे हुकूम जुन्या यंत्राला दिल्यावर जे काम होतं, तेच हुकूम नव्या यंत्राला दिल्यावर तेच काम होतं की नाही, हे ताडून बघायचं. सांगायला एका वाक्याचं काम, पण त्यापायी मी झोपेत दात खायला लागलो होतो.

हुकूम म्हणजे टाइप केलेल्या ओळी. या ओळी वाचून यंत्राकडून काम करून घेणारा जो भाग असतो त्याला शेल म्हणतात. हिरा त्याला टरफल म्हणायची. ती माझ्या शेजारी बसून याद्या टाइप करायची. लोणावळ्याची मुलगी, हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. “अहो ओव्हाळ, पुण्याचं टरफल वेगळं, आपलं टरफल वेगळं. आत दाणा आहे का ते बघा आधी,” असं ती म्हणायची आणि डब्यातली भाकरी मोडायला घ्यायची.

वैताग कशाचा होता ते सांगतो. दोन्ही यंत्रांचे कर्ते वेगळे, दोन्हींची व्यवस्था वेगळी. एकाला ओळीच्या शेवटी टिंब लागायचं, दुसरं टिंब दिसलं की रुसायचं. एक मोठी अक्षरं आणि लहान अक्षरं सारखी मानायचं, दुसऱ्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आणि साहेबांचा हट्ट असा, की हुकमांचा कागद एकच हवा. दोन्हीकडे तोच चालला पाहिजे, अक्षराचाही बदल नको. कारण तसं त्यांनी वर लिहून दिलं होतं. वर लिहून देण्याआधी मला विचारावं, असं त्यांना वाटलं नव्हतं.

रोज सकाळी मी चुंबकीय फितीचं रिळ डब्यात घालून गाडीने पुण्याला जायचो, तिथे ते चालवायचो आणि निकालाचे कागद घेऊन दुपारी परत यायचो. गाडीतला तिकीट तपासनीस त्या गोल डब्याकडे बघून रोज एकच प्रश्न विचारायचा, “आज कुठला सिनेमा?” पहिल्या दिवशी मी हसलो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, “रडका.”

ज्या यादीवर ही तपासणी चालली होती ती धरणग्रस्तांची होती. मावळातल्या काही वाड्या धरणात जाऊन सात वर्षं झाली होती. तिथल्या एकशे सत्त्याऐंशी कुटुंबांना इंदुरीच्या बाजूला जमीन द्यायची होती. कोणाला कुठला तुकडा, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं, येत्या सोमवारी, शाळेच्या पटांगणात. छापील यादीतून नावं पुकारायची, माणसाने पुढे येऊन चिठ्ठी उचलायची. यादीत नाव नसेल त्याला पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे सात वर्षं थांबलेल्या माणसांना समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या एकशे सत्त्याऐंशींतला एक आमच्या फाटकावर होता. बहिरू. पायरवाडीचा. वाडी पाण्याखाली गेल्यावर तो घाटावर आला आणि आमच्या बंगल्याची बाग आणि फाटक सांभाळू लागला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा. मागच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत त्याची आई बयाबाई, बायको गंगी आणि तीन पोरं. साहेबांनी त्याला एकट्यालाच राहायची परवानगी दिली होती. त्यामुळे साहेबांची जीप आली की पाच माणसं बागेच्या खालच्या उतारावर जाऊन बसायची आणि जीप गेली की वर यायची. हे मी रोज बघायचो. साहेब बघायचे नाहीत.

मंगळवारी पुण्याच्या यंत्राची यादी हातात घेऊन मी फाटकातून आत आलो तेव्हा बहिरू पुढे आला.

“भाऊ, माजं नाव हाय न्हवं त्यात?”

मी तिथल्या तिथे कागद उलगडून दाखवला. इंग्रजी अक्षरात त्याचं नाव, वाडी, माणसं सहा. “आहे. हे बघ, सहा माणसं.”

त्याने त्या सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. “ह्ये सा व्हय? आईला धरून?”

“आईला धरून.”

तो मागे वळून ओरडला, “आये, तू बी हायस गं कागदात!” बयाबाई उतारावरून हात झटकत वर आली आणि तिने तो कागद नुसता बघून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ बघितला. मी मोठ्या रुबाबात कागद घडी घालून आत गेलो.

बुधवारी तीच यादी, तेच हुकूम, नव्या यंत्रावर चालवले. एकशे सेहेचाळीस नावं आली.

मी परत चालवलं. एकशे सेहेचाळीस. हिराला म्हणालो, टाइप करताना काही गाळलंस का? ती एवढी भडकली की तिने अख्खी यादी मोठ्याने वाचून दाखवली. एकशे सत्त्याऐंशी. मग दोन्ही कागद शेजारी-शेजारी जमिनीवर पसरून आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि एकेका नावावर खूण करत गेलो. जी एकेचाळीस नावं गळली होती ती सगळी डोंगरातल्या वाड्यांची होती. गावठाणातला एकही माणूस गळला नव्हता. बहिरू गळला होता.

“साहेब, एकेचाळीस कुटुंबं गेली,” मी सांगितलं.

“कुठे गेली?”

“यंत्रात गेली. जुनं दाखवतंय, नवं दाखवत नाही.”

“हुकूम तेच आहेत ना? मग दोन्ही सारखंच आहे. त्यात काय फरक पडतो? तुमचंच काहीतरी चुकलं असेल, ओव्हाळ.” ते माझं आडनाव नेहमी जरा जोर देऊन उच्चारायचे. काही लोक उच्चारतात. मला त्याची सवय आहे, म्हणजे सवय झाल्यासारखं मी दाखवतो.

घोळ सापडायला गुरुवार दुपार उजाडली. यादीत चार रकाने होते. नाव, आडनाव, वाडी, माणसं. त्या एकेचाळीस जणांचा आडनावाचा रकाना रिकामा होता. पंगतीत एखादं पान मांडलेलं असावं आणि माणूस आलेला नसावा, तसं. जुनं यंत्र ते पान तसंच राहू द्यायचं. नवं यंत्र म्हणायचं, रिकामं पान कशाला? उचला, आणि सगळ्यांना एक पान पुढे सरकवा. मग बहिरूची वाडी त्याच्या आडनावाच्या पानावर येऊन बसली. माणसं सहा, ती वाडीच्या जागी गेली. आणि माणसांच्या रकान्यात काहीच उरलं नाही. हुकमात लिहिलं होतं, माणसं शून्य असतील तर कुटुंब वगळा. म्हणून यंत्राने वगळलं. आई, बायको, तीन पोरं आणि तो स्वतः, सगळे मिळून शून्य. यंत्राने काही चूक केली नव्हती, याचाच मला जास्त संताप आला.

“पण आडनाव रिकामं का?” हिरा म्हणाली.

मी फाटकावर गेलो. “बहिरू, तुझं आडनाव काय?”

तो विचारात पडला. “आडनाव कुटलं आमाला, भाऊ? बहिरू म्हनत्यात. लईच झालं तर शिदूचा बहिरू.”

“अरे, मोजणीला माणूस आला तेव्हा काय सांगितलंस?”

“सांगितलं की, आमी ठाकर. तर त्ये म्हनलं, ही तर जात झाली, जातीचा रकाना येगळा हाय. आन् खोडलं. लाल शाईनं खोडलं, मी बगितलंय.” मग त्याने विचारलं, “का ओ भाऊ? नाव हाय न्हवं माजं?”

“आहे,” मी म्हणालो. त्या क्षणी नव्हतं. मी खोटं बोललो आणि पाय आपटत आत आलो.

उपाय सोपा होता. हुकमात नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली की नवं यंत्र रिकामं पान उचलत नव्हतं. दिली. एकशे सत्त्याऐंशी. मी टेबलावर मूठ आपटली, हिराने टाळी वाजवली. शुक्रवारी रिळ घेऊन पुण्याला गेलो, तर जुन्या यंत्राने ती चिन्हं नावाचाच भाग समजून छापली आणि सगळी वाडीची नावं कडेला कापली. परत खंडाळा. फेऱ्यांना वेळ नव्हता, म्हणून पुढचे बदल ट्रंक कॉल लावून पुण्याच्या माणसाकडूनच जुन्या यंत्रावर चालवून घेतले. रिकाम्या जागी आडवी रेघ टाकली. नव्याला चालली. जुन्याला रेघ दिसली की वाटायचं आता पुढे नवा हुकूम येतोय. ते वाट बघत बसलं. शून्य टाकलं, ते दोन्हीकडे चाललं, पण साहेबांना चाललं नाही. “माणसाचं आडनाव शून्य? वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?” मग मी वाडीचंच नाव आडनावात टाकलं. नवं यंत्र खूश. जुन्यात कोणा शहाण्याने एक तपासणी ठेवली होती, की एकच शब्द शेजारी दोनदा आला तर टाइप करणाऱ्याची चूक समजून ओळ रद्द करायची. त्या शहाण्याचा पत्ता मिळाला असता तर मी रिळ त्याच्या दारात नेऊन आपटलं असतं.

“ठाकर लिहू का?” मी शनिवारी सकाळी साहेबांना विचारलं.

“कचेरीने स्वतः लाल शाईने खोडलंय ते. परत लिहिलंत तर यादीच परत येईल.”

“मग छपाईला जुन्या यंत्राची यादी घेऊ. ती बरोबर आहे.”

“नव्या यंत्राची यादी असं वरच्या आदेशात आहे. आणि मी लिहून दिलंय की दोन्ही सारखंच आहे.” साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “पाचला गाडी यादी न्यायला येईल. तोवर जुळलं तर ठीक. नाहीतर एकशे सेहेचाळीस जाऊ द्या. बाकीचे पुढच्या टप्प्यात.”

“साहेब, त्यांना आडनाव नाही म्हणून?”

“मग द्या ना काहीतरी! आडनावासारखं दिसेल असं काहीही द्या. तुम्हीच एवढे हुशार आहात.”

मी बाहेर आलो. अंगातून वाफ निघत होती, ती गारव्याच्या खोलीतून उन्हात आल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, सांगता येत नाही. बहिरू हौदाजवळ झारी भरत होता. त्याच्याकडून नावं घ्यावीत असा विचार केला, तर त्याला पायरवाडीची सतरा घरं माहीत. बाकीच्या वाड्या कुठे-कुठे पांगलेल्या, कोणी वीटभट्टीवर, कोणी कर्जतकडे उतरलेले. एकेचाळीस घरांना विचारून त्यांच्या पसंतीचं आडनाव ठरवायचं, आणि तेही पाचच्या आत.

माझे वडील सांगायचे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं तेव्हा त्यांनी छाती काढून आडनाव सांगितलं होतं, ओव्हाळ. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा आमच्या वराळे गावातल्या काही लोकांनी आडनावं बदलून घेतली. वडील म्हणाले, आपण बदलायचं नाही, लाज त्यांना वाटू दे. वडिलांचं बरोबर होतं, पण लाज त्यांना वाटत नव्हती आणि मला मात्र प्रत्येक नव्या कचेरीत आडनाव सांगताना अर्धा क्षण थांबायला व्हायचं. समोरचा ते ऐकून काय करतो ते बघायला.

साडेतीन वाजले. मी हिराला म्हणालो, “ऊठ जरा, मला बसू दे.”

“काय टाकताय?”

“आडनावासारखं दिसेल असं.”

मी बहिरूच्या ओळीवर गेलो आणि रिकाम्या जागी ओव्हाळ लिहिलं. पाच इंग्रजी अक्षरं. मग दुसऱ्या ओळीवर. मग तिसऱ्या. हिरा मागे उभी राहून मोजत होती. एकेचाळीस वेळा मी माझं आडनाव टाइप केलं आणि त्यात एकदाही थांबलो नाही. नव्या यंत्रावर एकशे सत्त्याऐंशी. मग मी परत पुण्याला ट्रंक कॉल लावला, तिथल्या माणसाकडून एकेचाळीस ओळी जुन्या यादीत भरून घेतल्या आणि फोन कानाला धरून उभा राहिलो. पाचला सात मिनिटं कमी असताना तो म्हणाला, एकशे सत्त्याऐंशी.

साहेबांनी यादीची शेवटची ओळ बघितली, आकडा बघितला आणि सही केली. “बघा, मी म्हणत होतो. दोन्ही सारखंच आहे.”

बहिरूला सांगायचं राहिलं. रविवार सुट्टीचा, आणि तो आईला घेऊन त्याच दिवशी इंदुरीला निघून गेला होता. खरं सांगायचं तर सांगायला हवं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोन यंत्रं जुळवताना तिसऱ्या ठिकाणी काय वाचलं जाईल, याचा मी विचारच केला नव्हता.

सोमवारी सकाळी पटांगण भरलं होतं. मांडवाखाली अधिकारी, समोर चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा. आमचे साहेब बाजूच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. गावठाणातले लोक पुढे सतरंजीवर बसले होते. डोंगरवाडीचे लोक कडेला चिंचेखाली. त्यांना कोणी तिथे बसा म्हटलं नव्हतं, तरी तिथेच बसले होते. बहिरू सगळ्यात पुढे होता, पांढरी टोपी घालून, शेजारी बयाबाई.

अधिकाऱ्यांनी नियम सांगितला. नाव तीनदा पुकारणार. तीनदा पुकारून कोणी आलं नाही तर गैरहजर, पुढच्या टप्प्यात.

पहिली दोन नावं झाली. मग अधिकाऱ्यांनी चष्मा वर-खाली करत इंग्रजी अक्षरं वाचली, “बहिरू ओव्हल!”

कोणी उठलं नाही. यादीत बहिरू नावाची तीन माणसं होती, ते मला पाठ होतं; ओव्हाळ लावलेला मात्र हा एकच. चिंचेखालचा बहिरू मान उंच करून इकडेतिकडे बघत होता, ज्याला पुकारलंय तो कुठे बसलाय ते शोधत.

“बहिरू ओव्हल! आहे का?”

मी लोकांच्या पायांवरून, मांड्यांवरून तुडवत निघालो. शिव्या खाल्ल्या. चिंचेखाली पोचलो तर बहिरूच मला म्हणाला, “भाऊ, बरं आलात. तुमच्या घरातलं कोन हाय का हितं? तुमचं आडनाव पुकारत्यात.”

“अरे, तुझं नाव आहे ते! ऊठ!”

“माजं? मी कुटला ओव्हाळ?”

“तूच. मी लिहिलंय. ऊठ, बहिरू!”

तो जागचा हलेना. “न्हाई ओ भाऊ. दुसऱ्याची चिठ्ठी कशी उचलू? त्यो बिचारा कुटंतरी मागं ऱ्हायला आसंल. माजं नाव यील की. तुमीच दावलंय मला, सा मानसं.”

आता याला काय सांगावं? पान रिकामं होतं म्हणून यंत्राने उचललं, म्हणून मी माझं आडनाव वाढलं, हे दोन मिनिटांत कोणाला पटवून देता येतं? सात वर्षं हा माणूस आपलं नाव पुकारण्याची वाट बघत होता आणि ते पुकारलं गेलं तेव्हा दुसऱ्याचा हक्क जाऊ नये म्हणून खाली बसून राहिला होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

“तिसऱ्यांदा पुकारतोय,” अधिकारी म्हणाले. “बहिरू ओव्हल!”

“हाजीर!” मीच ओरडलो, आणि त्याचं मनगट धरून त्याला उठवलं. बयाबाईने मागून त्याच्या पाठीत धपका घातला. “भाऊ वढत्यात तर जा की मुडद्या!” तो आला, पण सारखं मागे बघत. डब्यासमोर आम्ही दोघं उभे राहिलो. साहेब खुर्चीत सरळ बसले.

“बहिरू कोण तुमच्यातला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी,” बहिरू म्हणाला. तेवढं खरं होतं.

“माणसं किती?”

“सा. आईला धरून.”

अधिकाऱ्यांनी कागदावर बघितलं. सहा. “आणि तुमचं नाव?” हे मला.

“सीताराम ओव्हाळ.” मी थांबलो नाही.

“हे कोण तुझे?” त्यांनी बहिरूला विचारलं.

बहिरूने माझ्याकडे बघितलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि त्याला बोलावंही लागलं नाही. रोज जे म्हणायचा तेच तो म्हणाला, “भाऊ हायती.”

“बरं. उचल चिठ्ठी.”

त्याने चिठ्ठी उचलली, मुठीत धरली आणि तसाच धावत चिंचेखाली गेला. तिथे उभा राहून तो आपल्या लोकांना ओरडून सांगू लागला, “आरं, आयका! आपलं नाव आन् म्होरं ओव्हाळ म्हनलं का उटायचं! भाऊंनी दिलंया!” म्हाताऱ्यांनी ते शेजारच्यांना सांगितलं, त्यांनी मागच्यांना. “ओव्हाळ म्हंजी आपुन,” एक बाई पोराला घोकवत होती.

मग नावं येत गेली. बुधा ओव्हल, जानू ओव्हल. दर वेळी चिंचेखालून कोणीतरी धडपडत उठायचं आणि बाकीचे त्याला पुढे ढकलायचे. विसाव्या नावाला अधिकारी माझ्याकडे बघून हसले. “केवढं मोठं घराणं हो तुमचं!”

साहेबांचा चेहरा हळूहळू पडत गेला. ते उठून माझ्याजवळ आले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, “ओव्हाळ, हे काय आहे?”

“दोन्ही सारखंच आहे, साहेब,” मी म्हणालो. “त्यात काय फरक पडतो?”

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पुढे त्या एकेचाळीस घरांच्या जातीच्या दाखल्यांचे घोळ झाले, ते निस्तरायला मी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि साहेबांनी माझी बदली कुठे केली तेही सांगण्यासारखं आहे. पण त्या दिवशी एकेचाळीसच्या एकेचाळीस चिठ्ठ्या उचलल्या गेल्या.

दुपारी सगळे पांगल्यावर बहिरू माझ्याकडे आला. हातात ताब्याचा कागद होता, अंगठ्याला शाई. कागद त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“भाऊ, काम झालं. आता तुमचं आडनाव माघारी घ्या.”

मी त्याला सांगितलं की तसं करता येत नाही. ते आता कागदावर आहे, दोन्ही यंत्रांत आहे, सातबाऱ्यावरही चढेल. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग चिंचेखाली गाठोडी बांधणाऱ्या आपल्या माणसांकडे एकदा बघून त्याने मला विचारलं,

“मंग तुमास्नी कमी न्हाई का पडनार?”

“नाही पडत,” मी म्हणालो.